पेला कोणता आणि वेळ कोणती? : गरोदरपणातील घरगुती पेयांविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय आपोआप बदलतो. यंदा नाशिक शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे गरोदर भगिनींची किंवा त्यांच्या घरच्यांची होती आणि जवळजवळ सर्वांनी एकच गोष्ट विचारली होती : काय प्यावे? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. उत्तरे सर्वसाधारण आहेत. ज्यांना रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच बदल करावेत.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. आम्ही पंचवटीत एकत्र कुटुंबात राहतो. सासूबाई फार मायेने करतात : सकाळी उठल्याबरोबर केशराचे दूध, दहा वाजता बीट-गाजराचा रस, दुपारी शहाळे, चार वाजता चहा आणि रात्री पुन्हा दूध. जेवायला बसले की भूकच नसते. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन 9.8 आले. इतके सगळे पिऊनही रक्त का वाढत नाही? लोहाची गोळी मी न विसरता रात्रीच्या दुधाबरोबर घेते.

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. दुधातील कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, त्यामुळे दुधाबरोबर गिळलेल्या गोळीतील बरेचसे लोह अंगी न लागता तसेच बाहेर जाते. चहातील टॅनिनही हेच करते. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि 7 ते 9.9 हा मध्यम रक्तक्षय समजला जातो. तुम्ही त्या रेषेच्या किंचित आत आहात, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. मात्र डॉक्टरांना पुन्हा भेटणे आवश्यक आहे, कारण अशा वेळी गोळीची मात्रा बहुधा वाढवावी लागते.

बीटाच्या रसाबद्दल स्पष्ट लिहितो. रंग लाल आहे म्हणून बीटाने रक्त वाढते, ही समजूत घरोघरी आहे. पण 100 ग्रॅम बीटात लोह साधारण पाऊण मिलिग्रॅमच असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2020 च्या शिफारशींनुसार गरोदर स्त्रीला दिवसाला 27 मिलिग्रॅम लोह लागते आणि सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह व 500 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. हे तीन आकडे शेजारी ठेवले की रसाच्या पेल्याकडून किती अपेक्षा करावी ते कळते. बीट वाईट मुळीच नाही. ते कोशिंबिरीत खावे, म्हणजे चोथाही पोटात जातो. (बीट खाल्ल्यावर लघवी गुलाबी झाली तर दचकू नये, तो रंग बीटाचाच असतो.)

आता वेळापत्रकाकडे वळू. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर किंवा लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी, कारण क जीवनसत्त्वाने लोहाचे शोषण वाढते. तिच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको, आणि दूध आणि कॅल्शियमची गोळी या दोन्हींपासून लोहाच्या गोळीचे दोन तासांचे अंतर असू द्यावे. कॅल्शियमची गोळी जेवणाबरोबर घेतलेली चांगली. शहाळे उन्हाच्या दिवसांत उत्तमच. ते दोन जेवणांच्या मध्ये, आपल्यासमोर फोडलेले आणि लगेच प्यायलेले असावे. शहाळ्याने गर्भजल वाढते असे अनेक जणी लिहितात. एकूण पाणी पुरेसे पिण्याचा गर्भजलाला थोडाफार उपयोग होतो, हे खरे. त्यात शहाळ्याचे काही खास नाही आणि सोनोग्राफीत गर्भजल कमी दिसले तर तो विषय डॉक्टरांचाच.

केशराच्या दुधाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण ते का दिले जाते हे आपण सगळेच जाणतो. बाळाचा वर्ण आई-वडिलांकडून येतो, पेल्यातून येत नाही. चवीसाठी दोन-तीन काड्या घालायला हरकत नाही. अधिक घालू नये.

सासूबाईंना हे सांगताना त्यांची माया नाकारल्यासारखे होऊ नये, ही तुमची खरी अडचण असावी. त्यांच्याकडे पेयांऐवजी ताटाची जबाबदारी द्या. रसाची वेळ रद्द करून त्या वेळी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक पेरू, जेवणात पालेभाजी किंवा मोडाची शिजवलेली उसळ आणि तिच्यावर त्यांच्या हाताने पिळलेले अर्धे लिंबू. दुसऱ्या तिमाहीत रोज सुमारे साडेनऊ ग्रॅम आणि तिसऱ्या तिमाहीत 22 ग्रॅम जास्तीची प्रथिने लागतात. ती भूक मारणाऱ्या पेल्यांतून भरून निघणार नाहीत.

प्रश्न : माझे माहेर पेठ तालुक्यातले आहे. तिकडे उन्हाळ्यात रोज नाचणीची आंबील असते. लग्नानंतर मी नाशिकरोडला आले. येथे सगळ्या जणी डब्यातली चॉकलेटी पावडर दुधात घालून घ्यायला सांगतात. आंबील आंबवलेली असते म्हणून ती आता घेऊ नये, असेही एकीने सांगितले. मी काय करावे? करण्याची बरोबर पद्धतही द्यावी.

उत्तर : आंबील घ्यावी, खुशाल घ्यावी. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पट्ट्यात नाचणी पिकते आणि तिथल्या बाया रानातल्या कामाच्या दिवसांत आंबिलीवरच उभ्या राहतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आंबवणे हा दोष नाही. आंबवल्याने नाचणीतील फायटेट हा घटक कमी होतो आणि तिच्यातील खनिजे शरीराला अधिक सहज मिळतात. काळजी दोनच ठिकाणी घ्यायची : पीठ कच्चे राहू नये आणि ताक उकळलेल्या दुधाच्या दह्याचे असावे.

रात्री दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे साधारण 20 ग्रॅम, नाचणीचे पीठ एक वाटी उकळून गार केलेल्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. त्यात दोन चमचे ताजे ताक घालून स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून ठेवावे. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाच-सहा तास पुरतात, थंडीत रात्रभर लागते. सकाळी वास हलका आंबूस यावा. बुरशीचा किंवा उग्र वास आला, वर रंगीत ठिपके दिसले तर सगळे टाकून द्यावे, वरचे काढून खालचे वापरू नये. दीड वाटी पाणी मीठ घालून उकळत ठेवावे, आच मंद करावी आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने पिठाची धार सोडावी. सुरुवातीला ते मातकट, पातळ आणि निर्जीव दिसते. तीन-चार मिनिटांनी ते घट्ट होऊ लागते, रंग गडद होतो, आणि आठ-दहा मिनिटांनी त्यावर एक चकाकी येते व कच्च्या पिठाचा वास जातो. ती चकाकी येईपर्यंत गॅस बंद करायचा नाही. कोमट झाल्यावरच ताक घालावे, गरम असताना घातले तर फाटते. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि आवडत असल्यास ठेचलेली लसणाची पाकळी. दुपारच्या आत संपवावी.

नाचणीच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे तुमच्या 20 ग्रॅम पिठातून 70 मिलिग्रॅम मिळेल आणि ताकाचे त्यात थोडे मिळवता येईल. दिवसाची गरज 1000 मिलिग्रॅमची आहे. म्हणून आंबील घेते तेव्हा कॅल्शियमची गोळी बंद केली, असे कृपया करू नये. तीनच दिवसांपूर्वी एका भगिनीने मला नेमके हेच कळवले.

डब्यातल्या पावडरीबद्दल एवढेच, की डब्याच्या मागे छापलेला तक्ता वाचावा आणि 100 ग्रॅममध्ये साखर किती आहे ते पाहावे. डॉक्टरांनी कारण सांगून दिली असेल तर घ्यावी. शेजारीण घेते म्हणून घेण्यासारखे तिच्यात काही नाही. बदल हवा असेल तर सातूचे पीठ आहेच : भाजलेला गहू, डाळवं आणि जिरे यांचे दळलेले पीठ, दुधात किंवा ताकात कालवून. ते भाजलेले असल्याने शिजवावे लागत नाही, त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना सोयीचे.

प्रश्न : गंगापूर रोडवरून जाताना रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की मला राहवत नाही. सातवा महिना आहे. उसाचा रस नैसर्गिक आहे, मग घरचे अडवतात ते बरोबर आहे का?

उत्तर : घरचे बरोबर आहेत, पण कदाचित चुकीच्या कारणासाठी. ऊस उष्ण की थंड हा प्रश्न बाजूला ठेवू. अडचण बर्फाची, चरकाची आणि पेला विसळण्याच्या बादलीतल्या पाण्याची आहे. तो बर्फ उकळलेल्या पाण्याचा नसतो आणि चरकातून एकामागून एक निघणारी कांडी कुठे पडली होती हे कुणी सांगू शकत नाही.

दूषित पाण्यातून पसरणाऱ्या कावीळीचा ‘ई’ हा प्रकार एरवी बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत मात्र, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, तो यकृत निकामी करू शकतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार अशा रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण 20 ते 25 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. मी पाण्याच्या बाबतीत इतका हट्टी का आहे, असे अनेकांना वाटते. त्याचे कारण हा एक आकडा आहे. सात महिने सांभाळलेल्या गोष्टीची एका पेल्यासाठी जोखीम घेऊ नये. घरातले पाणीही खळखळून उकळी फुटेपर्यंत तापवून, झाकून गार करावे, आणि पावसाळ्यात पहिल्या पुरानंतर गढूळ पाणी येते तेव्हा तर याला अपवाद नसावा. घरच्या फ्रीजमधला बर्फही याच पाण्याचा करावा.

घुंगरांची भरपाई म्हणून पन्हे करा. दोन कैऱ्या कुकरला उकडून गर काढावा आणि तो न गोडवता काचेच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावा; तीन-चार दिवस सहज राहतो. पेल्याला दोन चमचे गर, दोन लहान चमचे गूळ, चिमूटभर मीठ आणि वेलची. गूळ घातला म्हणजे साखर टळली असे होत नाही, हे ध्यानात असावे. दिवसभरातली वरून घातलेली साखर-गूळ सगळी मिळून 25 ग्रॅमच्या, म्हणजे पाच लहान चमच्यांच्या आत राहिली तर चांगले. दोन पेले पन्ह्यात ती जवळजवळ संपते. बाकी वेळी ताक, मीठ-जिऱ्याचे कोकम किंवा साधे पाणी. पाणी पुरते आहे की नाही याची खूण म्हणजे लघवीचा रंग : फिकट पिवळा असावा. एकूण पातळ पदार्थ दिवसाला आठ ते बारा पेले असावेत. नाशिकच्या मे महिन्यात बाराकडे झुकावे.

प्रश्न : आमच्या घरी निफाडला दोन गाई आहेत. धारोष्ण दूध गरोदर बाईला द्यावे, असे घरातले वडीलधारे सांगतात. दुधात कच्चे अंडे फेटून देण्याचाही आग्रह आहे.

उत्तर : दोन्ही नको. कच्च्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि पहिल्या दोहोंमुळे गर्भपात होऊ शकतो. गाय घरची आहे, ती निरोगी दिसते, यावरून दुधातले कळत नाही. दूध उकळी वर आल्यावर आच कमी करून, ढवळत आणखी दोन मिनिटे उकळू द्यावे. अंडे पूर्ण उकडून खावे. चीक काढल्यावर त्याचा खरवस हवाच असेल तर तो नीट शिजलेला असावा.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतची आहे, आमची द्राक्षबाग आहे. सव्विसाव्या आठवड्यात ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत साखर 152 आली. साखर घालायची नाही हे समजले, पण बागेतल्या ताज्या द्राक्षांचा रस बिनसाखरेचा असतो, तो चालेल ना? एक पाहुणे म्हणाले, काळ्या द्राक्षांची वाइन थोडी घेतली तर रक्त वाढते.

उत्तर : वाइनचा विषय आधी संपवू. गरोदरपणात मद्याचे सुरक्षित प्रमाण असे काही नाही, मग ते आपल्या जिल्ह्याचे कितीही नावाजलेले असो.

तुमच्या तपासणीत 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी 140 किंवा त्याहून अधिक आकडा आला की तो गरोदरपणातील मधुमेह धरला जातो, म्हणून 152 कडे दुर्लक्ष करता येणार नाही. रसात साखर तुम्ही घालत नाही, ती द्राक्षातच असते : 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 16 ग्रॅम. एक पेला रसाला पाव किलोहून अधिक द्राक्षे लागतात, म्हणजे त्या पेल्यात आठ चमचे साखर आली, आणि चोथा गाळण्यात राहिल्यामुळे ती रक्तात झपाट्याने चढते. बागेच्या मालकिणीला द्राक्ष खाऊ नका म्हणणे मला जमणार नाही. जेवणानंतर लगेच न खाता, मधल्या वेळी चार बदामांबरोबर दहा-बारा मणी चावून खावेत आणि तासा-दोन तासांनी साखर मोजून पाहावी. तुमच्या शरीराला ती मानवतात की नाही हे तो आकडा सांगेल. मणी घडापासून सुटे करून वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावेत. फवारणीच्या नोंदी तुमच्याच घरात आहेत, शेवटची फवारणी आणि तोड यांतले दिवस त्यात पाहून घ्यावेत.

पिण्यासाठी तुम्हाला पातळ ताक, मीठ-लिंबाचे पाणी, साखर न घातलेले कोकम, धने-जिऱ्याचे पाणी आणि साधे दूध एवढी निवड आहे. नाचणीची आंबीलही चालेल, फक्त ती त्या वेळच्या भाकरीच्या बदल्यात धरावी, भाकरीवर जास्तीची नको.

प्रश्न : सिडकोत राहते. सर्दी होऊ नये म्हणून घरात ज्येष्ठमध आणि गुळवेलीचा काढा रोज होतो. शिवाय सकाळी दुधीचा किंवा कोरफडीचा रस. दोन महिने झाले आहेत आणि मळमळ थांबत नाही.

उत्तर : काढा आणि कोरफड आजपासून बंद करावी. ज्येष्ठमध अधिक दिवस घेतले तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम कमी होते. गुळवेलीने काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. कोरफडीच्या सालीलगतचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे. झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण गरोदरपणात सोडून द्यावे लागते.

दुधी शिजवून खावा. कच्च्या रसाचा धोका असा, की एखादा दुधी कडू निघतो आणि त्यातले कुकुरबिटासिन हे द्रव्य जोराच्या उलट्या, कधी रक्ताच्या उलट्याही घडवते. भाजीलाही दुधी चिरला की एक तुकडा जिभेला लावून पाहावा. कडू लागला तर थुंकून सगळा टाकावा.

मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला वैद्यकाचाही दुजोरा आहे. पेराएवढे आले ठेचून कपभर पाण्यात पाच मिनिटे उकळावे, गाळून त्यात लिंबाचे थेंब टाकावेत आणि गार करून घोट-घोट, दोन तासांत संपवावे. दिवसाला एवढे पुरे. पेलाभर एकदम प्यायलात तर तेच उलटून पडेल. रात्रंदिवस पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, उभे राहिल्यावर अंधारी येत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

प्रश्न : पत्नी शहरात नोकरी करते, सकाळी साडेआठला निघते ते संध्याकाळी सहाला येते. मी अंबडला पाळीत काम करतो, स्वयंपाक फारसा येत नाही. आठवा महिना आहे. तिच्यासाठी मी काय तयार करून देऊ शकतो?

उत्तर : या महिन्यातले मला सर्वांत आवडलेले पत्र. दोन बाटल्या भरून द्याव्यात. एकीत लिटरभर उकळून गार केलेले पाणी, दुसरीत अर्धा लिटर पातळ ताक, मीठ-जिरे घालून, बर्फाच्या चार खड्यांसह थर्मासमध्ये. ते दुपारच्या जेवणाआधी संपवायचे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितले असेल तर नुसते जिरे. कार्यालयातल्या चहाला बंदी नको, पण मोजणी हवी : दिवसाला 200 मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा मानली जाते आणि एका कपात 30 ते 65 मिलिग्रॅम असते, तेव्हा दोन कप, आणि गोळीपासून लांब.

ताक, लिंबू, कोकम, पन्हे यांपैकी काहीही तांब्याच्या बाटलीत किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात देऊ नये. आंबटाने तांबे विरघळते. माझ्या लहानपणी आमच्या आजीने घाईत ताक तसल्या पातेल्यात काढले होते. संध्याकाळी कडेला निळसर-हिरवी रेघ उमटली होती आणि ते प्यायलेल्या आम्हा दोघा भावंडांनी रात्र मोरीत काढली. तांब्याच्या बाटलीत फक्त पाणी.

आणि बाटली धुण्याचे काम तुम्हीच घ्या. नुसती विसळू नका. झाकणातला रबरी वॉशर बोटाने किंवा चमच्याच्या दांड्याने काढा, कारण ताकाचा चिकट थर त्याच्याच खाली बसतो, तो लहान ब्रशने साबणाच्या गरम पाण्यात घासा आणि बाटली रात्रभर उपडी, झाकण न लावता ठेवा.